आधी अनारसे, मग इंजेक्शन

गेल्या वर्षभरात आमच्या सोसायटीतली माणसं एकामागून एक बारीक होऊ लागली. सुरुवात खजिनदारांनी केली. मग तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी, मग त्यांचे व्याही, आणि शेवटी साक्षात चेअरमन. हे तेच चेअरमन, ज्यांच्यामुळे लिफ्टमधली ‘सहा व्यक्ती’ ही पाटी बदलून ‘चेअरमन असल्यास चार’ अशी करावी, अशी सूचना एका वार्षिक सभेत गंभीरपणे मांडली गेली होती. सूचक अर्थातच जिना चढून येणारे होते.

विचारावं तर प्रत्येकाचं उत्तर एकच. ‘‘काही नाही हो, रात्रीचं जेवण बंद केलं आणि चालायला लागलो.’’

आता सोसायटीच्या बागेभोवती चालण्यासाठी जो रस्ता केला आहे, त्याच्या कडेच्या बाकावर मी रोज संध्याकाळी व्यायामासाठी बसतो. तिथून कोण जातं, कुठल्या वेगाने जातं, हे मला पाठ आहे. चेअरमन त्या रस्त्याने जाताना मला एकदाच दिसले, तेही पाण्याच्या टँकरवाल्याशी भांडायला. एवढ्याने माणूस पट्ट्याच्या दोन भोकांनी बारीक होत असेल तर पुण्यात जाड माणूस उरलाच नसता.

उलगडा शेवटी मुलीने केला. ‘‘बाबा, तू कुठल्या जगात राहतोस? सगळे इंजेक्शन घेतायत. वजनाचं. आठवड्यातून एकदा, आपलं आपण टोचून घ्यायचं.’’

‘‘कुठे?’’

‘‘पोटावर.’’

मी पोटाकडे पाहिलं. जागेची अडचण नव्हती.

मार्च २०२५ मध्ये मौंजारो भारतात आलं, जूनमध्ये वेगोवी आलं, डिसेंबरात ओझेम्पिक आलं. तोवर ही नावं अमेरिकेतल्या भाच्याच्या तोंडून ऐकलेली होती आणि मला ती एखाद्या इटालियन हॉटेलातल्या पदार्थांची वाटायची. मुलीने मग मला सगळी यंत्रणा समजावली. जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचं एक संप्रेरक सुटतं. ते मेंदूला ‘पुरे’ म्हणून सांगतं आणि काही मिनिटांत विरून जातं. इंजेक्शनातलं औषध त्याचीच नक्कल करतं, पण ते आठवडाभर ठाण मांडून बसतं, पोटातलं अन्न सावकाश पुढे ढकलतं आणि मेंदूला ‘पुरे, पुरे’ म्हणत राहतं. हे काम आमच्या घरी लग्नापासून बायको फुकट करत आली आहे. फरक इतकाच, की औषधाचं मेंदू ऐकतो.

पण म्हणून कुणीही उठावं आणि टोचून घ्यावं असं नाही. त्यालाही पात्रता लागते. वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचं आणि जो आकडा येईल तो बीएमआय. हे सूत्र केटले नावाच्या एका बेल्जियन गृहस्थाने १८३० च्या दशकात काढलं. ते पेशाने खगोलशास्त्रज्ञ होते. मोठ्या गोलांचा अभ्यास असलेल्या माणसाने हा विषय हाती घ्यावा, हे योग्यच झालं. औषधासाठी हा बीएमआय ३० किंवा त्याच्या वर हवा. २७ ते ३० च्या मध्ये असाल तर जोडीला रक्तदाब किंवा मधुमेहासारखं काहीतरी दाखवावं लागतं.

माझी उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८६ किलो. मुलीने गणित केलं. साडेतीस!

आयुष्यात मी पहिल्यांदाच कटऑफच्या वर होतो. बारावीला अर्ध्या टक्क्याने हुकलं, बँकेच्या परीक्षेत तीन मार्कांनी हुकलं, पण इथे थेट, कुठलीही ओळख न लावता, गुणवत्तेवर प्रवेश. बायको मात्र सावध. ‘‘अहो, आता जपून राहा. दोन किलो जरी कमी झालं ना, तर नापास व्हाल.’’ आणि खरंच, ८४ किलोला बीएमआय तिशीच्या खाली येत होता. मग बीपी दाखवावं लागणार, आणि माझं बीपी अगदी नॉर्मल. त्या दिवसापासून मी बाकावरचा व्यायामही बंद केला. उगीच धोका नको.

बायकोचा आकडा सव्वीस आला. भारतीयांसाठी मापं जरा कडक आहेत, पंचवीसच्या पुढे इथे लठ्ठ म्हणतात. युरोपात त्यासाठी तीस लागतात. बायकोने दोन्ही आकडे नीट वाचले आणि म्हणाली, ‘‘मग आपण तिकडेच फिरायला जाऊ या ना. खर्च होऊ दे.’’

मापं कडक का, याचा एक पुरावा आमच्या पुण्यातलाच आहे आणि तो मला फार प्रिय आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापून आणला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. दोघेही दिसायला सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के. म्हणजे आपल्याकडचा बारीक माणूससुद्धा आतून जाडच असतो. ही माहिती मी सोसायटीतल्या झाडून सगळ्या बारीक माणसांना नेऊन दिली. समाजकार्याची एवढी गोडी मला याआधी कधी लागली नव्हती.

आता कुणी म्हणेल, इंजेक्शनापर्यंत जाण्याआधी बाकीचे उपाय केले का? अहो, आमच्या घराने वजनाची सगळी युद्धं पाहिली आहेत. जिऱ्याचं पाणी झालं, दुधीचा रस झाला, कोमट पाण्यात मध-लिंबू झालं. मग दीक्षित आणि दिवेकर यांच्या आहारपद्धतींचा काळ आला. एका पंथात दिवसातून दोनदाच जेवायचं, तेही पंचावन्न मिनिटांत. दुसऱ्या पंथात दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खायचं आणि तूप सोडायचं नाही. महाराष्ट्रात तेव्हा घरोघरी फूट पडली होती. आमच्याकडे बायको दीक्षितांच्या बाजूला गेली आणि मुलगी दिवेकरांच्या. एका पंथाची पंचावन्न मिनिटं संपत नाहीत तोवर दुसऱ्या पंथाचे दोन तास भरायचे, आणि दोन्ही वेळेला पानावर मध्यस्थ म्हणून मी. त्या दोघींना गुण आला. मध्यस्थाचं वजन चार किलोंनी वाढलं.

आणि सिंहगड! पुण्यातल्या माणसाने वजन कमी करायचं ठरवलं की तो पहिल्या रविवारी सिंहगड चढतो. चढताना शरीरातून जे काही जातं, ते वर पोचल्यावर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही या मार्गाने परत येतं, आणि थोडं व्याजही देऊन जातं. मी तर गडावरून उतरताना चढतानापेक्षा जड असायचो. गुडघ्याच्या डॉक्टरांनीच शेवटी ते बंद केलं.

तेव्हा इंजेक्शन घ्यावं, असं माझ्या मनाने घेतलं. पण आमच्याकडे मनाने घेतलं आणि झालं, अशी पद्धत नाही. प्रश्न रात्रीच्या जेवणावर मांडावा लागतो.

आई म्हणाली, ‘‘काही नको. अंगावर चार किलो असावेत माणसाच्या. आजारपणात उपयोगी पडतात.’’

‘‘आई, चार नाही, वीस आहेत जास्त.’’

‘‘मग मोठं आजारपण निघेल तुझं.’’

मुलीला तेवढ्यात ज्ञान पाजळायची हुक्की आली. ‘‘आजी, तुला माहितेय का, या औषधांच्या घराण्यातलं पहिलं औषध एका सरड्याच्या विषावरून सापडलं. गिला मॉन्स्टर. वर्षातून थोड्याच वेळा जेवतो तो.’’ हे खरं आहे. अमेरिकेच्या वाळवंटातला हा प्राणी, आपल्या घोरपडीसारखा दिसणारा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जॉन एंग या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांना त्याच्या विषात जीएलपी-१ शी मिळतंजुळतं द्रव्य सापडलं आणि २००५ मध्ये त्यावरून मधुमेहाचं औषध बाजारात आलं. आताच्या इंजेक्शनांत त्या प्राण्याचं काही नसतं, हे मुलगी पुढे सांगत होती. पण आईने ‘सरडा’ आणि ‘विष’ एवढंच ऐकलं होतं.

‘‘घोरपड?’’ आई म्हणाली. ‘‘तानाजीने कड्यावर लावली ती?’’

‘‘तसलीच.’’

‘‘अरे, तिने माणसं गडावर चढवली म्हणतात. तुला तर पायथ्याशीच धाप लागते.’’ आणि तिने मला आणखी एक पोळी वाढली.

वैद्यकीय बाजू अशी निकालात निघाल्यावर आर्थिक बाजू पाहणं भाग होतं. त्यासाठी खजिनदारांसारखा माणूस नाही. त्यांना मी एकटं गाठून सरळ विचारलं. आधी त्यांनी ‘चालणं’ सांगितलं, मग ‘रात्रीचं जेवण’ सांगितलं, मग दार लावून घेतलं आणि कपाटातून एक वही काढली. पूर्वी माणसं चोरून खायची. हा गृहस्थ कित्येक महिने चोरून खात नव्हता आणि त्याने त्याचा पैन् पैचा हिशेब ठेवला होता.

‘‘हे बघा. मौंजारोची अडीच मिलिग्रॅमची कुपी आली तेव्हा साडेतीन हजार. आठवड्याला एक, म्हणजे महिन्याला चौदा हजार. वेगोवी जूनमध्ये आलं ते सतरा हजार तीनशे पंचेचाळीसपासून. नोव्हेंबरात तेच दहा हजार आठशे पन्नासवर आलं. जूनमध्ये घेणारे फसले की नाही?’’

‘‘तुम्ही कधी सुरू केलंत?’’

‘‘तो प्रश्न नाही. तुम्ही थांबा. वेगोवीतल्या सेमाग्लूटाइडचं पेटंट भारतात मार्च २०२६ ला संपतंय. मग देशी कंपन्या उतरणार. भाव पडणार.’’

पोट उतरण्याआधी भाव उतरावा, हा विचार पुणेकर म्हणून मला पटला. मी थांबलो. पेटंट संपायची वाट पाहत हुरडा खाल्ला, तिळगूळ खाल्ला, होळीची पोळी खाल्ली. खाताना अपराधी वाटण्याचंही कारण नव्हतं. मी खात नव्हतोच, मी थांबलेलो होतो.

त्या थांबण्याच्या काळात खजिनदारांनी मला सगळे आकडे शिकवले. सेमाग्लूटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत माणसांचं वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी उतरलं. माझ्या हिशेबात पावणेतेरा किलो. दुसऱ्या औषधाच्या, म्हणजे मौंजारोतल्या टिर्झेपाटाइडच्या चाचणीत सर्वांत मोठ्या डोसवर २०.९ टक्के. म्हणजे अठरा किलो! एवढा तर आमच्या नातवाचा अख्खा ऐवज आहे. पण खजिनदारांचं लक्ष वेगळ्याच आकड्यावर होतं. पहिल्या चाचणीत ज्यांना नकली इंजेक्शन दिलं होतं, नुसता आहार-व्यायामाचा सल्ला आणि सुईत औषधच नाही, त्यांचंही वजन २.४ टक्क्यांनी कमी झालं होतं.

‘‘म्हणजे तुमचे दोन किलो,’’ ते डोळे बारीक करून म्हणाले. ‘‘ते नकली इंजेक्शन काय भावाने मिळतं, याची चौकशी केली पाहिजे.’’

मार्च उजाडला, पेटंट संपलं, देशी कंपन्या उतरल्या आणि थांबायला कारण उरलं नाही. अशा वेळी माणूस औषधाबरोबरचा कागद वाचायला घेतो. मळमळ, उलटी, जुलाब, बद्धकोष्ठता.

‘‘जुलाबही आणि बद्धकोष्ठताही?’’ मी विचारलं. ‘‘एकाच माणसाला?’’

‘‘दुसरी तुमच्या घराण्यात आहेच,’’ बायको म्हणाली. ‘‘नवीन एकच.’’

पित्ताशयात खडे, स्वादुपिंडाला सूज ही वजनदार नावंही त्यात होती. पण आमच्या घराला धक्का बसला तो ढेकरांनी. काहींना या औषधाने कुजक्या अंड्याच्या वासाचे ढेकर येतात म्हणे. आमच्या घरात अंडं येत नाही. आईच्या देखत, तिच्या सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात, मी न खाल्लेल्या अंड्याचा ढेकर देणार, या कल्पनेने मुलगी इतकी हसली की तिलाच उचकी लागली.

याच सुमारास खजिनदारांच्या पेनाचं प्रकरण घडलं. हे इंजेक्शन पेनासारखं असतं आणि फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. खजिनदारांच्या घरी लेकीच्या सासरची मंडळी मुक्कामाला यायची होती. त्यांना खजिनदारांच्या बायकोने ‘योगासनं’ असं सांगून ठेवलेलं. पाहुणे पाण्याची बाटली घ्यायला फ्रिज उघडणार, पेन दिसणार, आणि योगासनांची अब्रू जाणार! म्हणून खजिनदार रात्री साडेदहाला शालीखाली काहीतरी घेऊन आमच्याकडे आले. महिन्याभराचे डोस असलेलं नवंकोरं पेन. कुणाला संशय नको म्हणून त्यांनी ते श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घालून आणलं होतं. मी तो डबा फ्रिजमध्ये मागच्या बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी आईने फ्रिज आवरला. डबा पाहिला. उन्हाळ्याचे दिवस, श्रीखंड आंबट होईल, या काळजीने तिने तो उचलून वर बर्फाच्या कप्प्यात ठेवला. या औषधाचा नियम असा, की एकदा गोठलं की वापरायचं नाही, फेकून द्यायचं. पाहुणे गेल्यावर खजिनदार डबा न्यायला आले, तेव्हा आतून कुल्फीची कांडी असावी तसं पेन निघालं.

माणसाने आकांत करावा असा प्रसंग. पण करता येईना. ज्या पेनाचं अस्तित्वच सोसायटीत कुणाला मान्य नाही, ते बुडालं म्हणून ओरडायचं कुणाच्या नावाने? खजिनदार काही न बोलता निघून गेले. मी अर्धी भरपाई देऊ केली. त्यांनी ती वहीत मांडून ताबडतोब घेतली. पण नवं पेन आणायचं त्यांच्या जिवावर आलं. फुकट गेलेला महिना वसूल करायचा म्हणून त्यांनी महिनाभर औषध थांबवलं. मग काय व्हायचं तेच झालं. औषध एकदम उतरत नाही, हळूहळू उतरतं. पहिल्या आठवड्यात ते नेहमीसारखे होते. पुढच्या आठवड्यात जिन्यात थांबून कुणाच्या घरी काय फोडणीला पडलंय याचा अंदाज घेऊ लागले. त्यानंतर एके रात्री आमची बेल वाजली. दारात खजिनदार.

‘‘शेव आहे का हो? थोडी? नसली तर चिवडा चालेल.’’

मी त्यांना डबाच दिला. ते तिथेच उभ्याने खाऊ लागले. मधेच थांबून म्हणाले, ‘‘काय सांगू तुम्हाला, गेले कित्येक महिने मला शेव आठवलीच नव्हती. समोर मिसळ असायची, अर्धी खाऊन मी उठायचो. तर्री परत मागावी असं वाटायचंच नाही.’’

त्या रात्री मला झोप लागली नाही. सुईची भीती मला नाही, पैशाचं बघता येईल, अंड्याचे ढेकर गच्चीवर जाऊन देता येतील. पण खाण्याची आठवणच येणार नाही? मग माझ्या डोक्यात राहणार काय? माझा भूगोल हा असा आहे: लोणावळा म्हणजे चिक्की, सातारा म्हणजे कंदी पेढे, सांगली म्हणजे भडंग, नरसोबाची वाडी म्हणजे बासुंदी. ही गावं माझ्या नकाशावरून पुसली गेली तर पुण्याच्या पुढे नुसता टोलनाका उरतो. प्रवासात काय बोलायचं? पाहुण्यांशी काय बोलायचं? सकाळी उठल्यावर मी बायकोला पहिला प्रश्न विचारतो तो नाश्त्याचा, आणि नाश्ता करताना दुसरा विचारतो तो जेवणाचा. हे दोन वजा केले तर आमचा संसार मुका होईल.

म्हणून मी अखेर डॉक्टरांकडे गेलो. (आपल्याकडे डॉक्टरांना शेवटी विचारतात. त्यांचा नंबर आई, बायको, मुलगी आणि खजिनदार यांच्या नंतरचा.)

‘‘रात्री काय जेवता?’’ डॉक्टरांनी विचारलं.

‘‘काहीच नाही. अगदी हलकं.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘नुसती दूध-पोळी. आणि भात. भाताबरोबर आमटी लागतेच. मग ताकभात, तो काही जेवणात धरत नाही.’’

त्यांनी ते लिहून घेतलं नाही. घरात कुणाला थायरॉइडचा कर्करोग होता का, स्वादुपिंडाचा त्रास होता का, हे विचारलं, रक्त तपासायला सांगितलं. मग म्हणाले, औषध चांगलं आहे, तुम्हाला चालेल, पण त्याने चरबीबरोबर स्नायूही उतरतात. तेव्हा डाळ, पनीर, मोड आलेली कडधान्यं नीट खायची आणि वजनं उचलायचा व्यायाम करायचा.

‘‘म्हणजे इंजेक्शन घेऊनही व्यायाम करायचाच?’’ माझा आवाज चिरकला.

‘‘हो. आणि मधेच सोडून देऊ नका. सोडल्यावर वर्षभरात गेलेल्यातलं दोन तृतीयांश वजन परत आलं, असं चाचणीत दिसलंय. बरेच दिवस घ्यायची तयारी असेल तर सुरू करू. निर्णय तुमचा.’’

निर्णय माझा! मला निर्णय घेता येत असता तर बासुंदीच्या दुसऱ्या वाटीलाच घेतला नसता का?

तरी घेतला. घ्यायचं. आता प्रश्न फक्त मुहूर्ताचा राहिला. हा डोस एकदम पूर्ण देत नाहीत. सेमाग्लूटाइड आठवड्याला पाव मिलिग्रॅमपासून सुरू होतं, दर चार आठवड्यांनी वाढतं आणि सोळा आठवड्यांनी पूर्ण डोसवर पोचतं. बायकोने भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून टेबलावर ठेवलं. चैत्र-वैशाखात आंबे, तेव्हा शक्यच नव्हतं. यंदा ज्येष्ठ अधिक आला. धोंड्याचा महिना म्हणजे जावयांचा महिना. त्यात इंजेक्शन घेणारा जावई हा सासुरवाडीचा अपमान आहे.

सासूबाईंनी बोलावलं तेव्हा मी धीर करून सांगून पाहिलं. ‘‘आई, मी जरा ते वजनाचं इंजेक्शन सुरू करायचं म्हणतोय. तेव्हा गोड बेतानेच.’’

सासूबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी तेहतीस अनारशांचं ताट माझ्यासमोर ठेवलं, त्यावर दिवा लावला आणि म्हणाल्या, ‘‘घ्या ना जावईबापू. आधी अनारसे घ्या, मग इंजेक्शन घ्या. अनारसे तीन वर्षांनी येतात, इंजेक्शन काय, दर आठवड्याला आहेच.’’

या युक्तिवादाला जगातल्या कुठल्याही औषध कंपनीकडे उत्तर नाही. ते वाण परत करता येत नसल्यामुळे मी ते जागेवरच संपवायला सुरुवात केली.

आता आषाढ आला. पण आषाढात सुरू केलं तर सोळा आठवड्यांनी पूर्ण डोस बरोबर दिवाळीच्या फराळावर येतो. श्रावणात सुरू केलं तर पहिल्याच महिन्यात मळमळ आणि गणपतीचे मोदक एकत्र. नवरात्रात उपास असतात. साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, वऱ्याचे तांदूळ, राजगिऱ्याची चिक्की हे सगळं ज्या उपासाला लागतं, त्या उपासात भूकच लागली नाही तर पुण्य कशाचं मिळणार, असा आईचा सवाल होता. कॅलेंडर उलटत उलटत आम्ही मार्गशीर्षावर आलो. गुरुवार बायकोचे, म्हणून शुक्रवार माझा. सोळा आठवडे मोजले तर पूर्ण डोस पाडव्याच्या श्रीखंडावर येत होता. त्या डब्याच्या प्रकरणापासून आमच्या घरी श्रीखंड आणायला कुणी धजावत नाही, तेव्हा तेवढा त्याग मी मान्य केला.

एक अडचण राहते, लग्नांची. गेल्या हंगामातल्या एका पंगतीला मी खजिनदारांच्या शेजारी बसलो होतो. जिलबी आली. त्यांनी पानावर हात आडवा धरला. वाढपी थबकला. यजमान धावत आले, ‘‘माझ्या हातून एक.’’ नको. मुलाचे मामा आले. नको. मग मुलाची आई आली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, ‘‘आमचं काही चुकलं का?’’ मठ्ठा येईपर्यंत मांडवभर बातमी पसरली की खजिनदारांना पोटाचं काहीतरी मोठं निघालंय, आणि बडीशेप येईपर्यंत, की आहेराच्या पाकिटावरून बिनसलंय. त्या बिचाऱ्याच्या पोटात फक्त सेमाग्लूटाइड होतं. शेवटी घरोबा टिकावा म्हणून त्यांच्या वाटच्या सगळ्या जिलब्या मी माझ्या पानात घेतल्या.

तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा मुहूर्त सुरू होतील. पत्रिका पाठवणाऱ्या सर्व मंडळींना आतापासूनच विनंती आहे: पंगतीत कुणी पानावर हात आडवा धरला तर त्याच्या प्रकृतीची, परिस्थितीची किंवा मानापमानाची चौकशी न करता सरळ पुढच्या पानाकडे वळावं. लग्न मार्गशीर्षाच्या आधीचं असेल, तर ते पान बहुधा माझं असेल.